ड्रम कोअर ऐकायला जाताना: ठोका मागून येतो

अमेरिकेत जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ड्रम कोअरचा, म्हणजे मैदानावर चालत पितळी आणि तालवाद्यं वाजवणाऱ्या पथकांच्या स्पर्धांचा, मोसम असतो. तिथल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये वाजवतात, मोठी माणसं गणपतीत ढोल-ताशा पथकात उभी राहतात. तरीही तासाभराच्या अंतरावरच्या मैदानात कोअर येऊन वाजवून जातात आणि यांना पत्ताही लागत नाही. तालवाद्यांवर प्रेम असणाऱ्याने एकदा तरी हे प्रत्यक्ष ऐकावं, असं आम्हाला अगदी मनापासून वाटतं. फक्त जाताना थोडी तयारी हवी. कुठे बसायचं, किती आधी पोचायचं आणि कान कशाकडे लावायचा हे माहीत नसेल, तर उघड्या मैदानावरचा मोठा बँड एवढंच पदरात पडतं.

ओळख थोडक्यात करून देतो. एका मोठ्या कोअरमध्ये दीडशेहून जास्त मुलंमुली असतात आणि वयाची मर्यादा साधारण एकविशीपर्यंत. वाद्यं दोनच प्रकारची, पितळी आणि ताल-आघाताची. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यांना जागा नाही. सोबत झेंडे, लाकडी रायफली आणि तलवारी फेकणारं, नाचणारं कलर गार्ड असतं. कार्यक्रम जेमतेम अकरा-बारा मिनिटांचा, पण त्या अकरा मिनिटांसाठी निवड हिवाळ्याच्या तोंडाशीच होते, मग शनिवार-रविवारची शिबिरं होतात, आणि मे महिन्याच्या शेवटापासून पूर्ण वेळ सराव. पुढचे दोन महिने शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपायचं, रात्री बसने पुढचं गाव गाठायचं, दिवसभर उन्हात सराव करायचा आणि संध्याकाळी वाजवायचं. मुलं यासाठी पैसे घेत नाहीत. उलट काही हजार डॉलर भरून येतात.

या सगळ्यांची शिखर संस्था म्हणजे ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजेच डीसीआय. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांनी, चर्चनी आणि स्काउट पथकांनी असे कोअर मोठ्या संख्येने उभे केले होते. स्पर्धेचे नियम मात्र सैनिकांच्या संघटना ठरवत. १९७१-७२ च्या सुमारास कोअरच्या संचालकांनी मिळून स्वतःची संस्था काढली आणि १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती कॅलिफोर्नियाच्या अनाहाइम किंग्जमेननी जिंकली. आज नाव घ्यावेत असे कोअर बरेच आहेत: कॉन्कर्डचे ब्लू डेव्हिल्स, सांता क्लारा व्हॅनगार्ड, ओहायोचे ब्लूकोट्स, बोस्टन क्रुसेडर्स, कॅरोलायना क्राउन, रॉकफर्डची फँटम रेजिमेंट. २०२४ मध्ये ब्लूकोट्स जिंकले, २०२५ मध्ये बोस्टन क्रुसेडर्स. १९४० साली स्थापन झालेल्या बोस्टनचं हे पहिलंच डीसीआय विजेतेपद.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ती कळली की बाकीचं ऐकणं आपोआप बदलतं.

अमेरिकन फुटबॉलचं मैदान १०० यार्ड लांब, म्हणजे ९१ मीटरपेक्षा थोडं जास्त, आणि १६० फूट रुंद, म्हणजे सुमारे ४९ मीटर. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे मागच्या रेषेवर वाजलेला ठोका पुढच्या रेषेपर्यंत यायला ०.१४ सेकंद लागतात. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.३३ सेकंदाची असते. म्हणजे मागची आणि पुढची मुलं घड्याळाप्रमाणे अगदी एका क्षणी वाजवू लागली, तर समोर बसलेल्या तुम्हाला मागचा आवाज जवळजवळ अर्धी मात्रा उशिरा ऐकू येईल. मात्रेचे चार तुकडे करून वाजवणाऱ्या तालवादकांसाठी अर्धी मात्रा म्हणजे सगळाच चिखल.

यावरचा उपाय सोपा नाही, पण फार सुंदर आहे. लयीचा उगम एकच मानायचा. तो म्हणजे बॅटरी, अंगावर ढोल अडकवून चालणारी तालवादकांची तुकडी. तिच्यातही मधला स्नेअरवादक, म्हणजे दोन काठ्यांनी टोकदार आवाजाचा ढोल वाजवणारा. समोरच्या उंच चौथऱ्यावर उभा असलेला ड्रम मेजर त्याच्या पायांकडे बघून हात चालवतो. तो कानाने ठरवत नाही, कारण कानापर्यंत येणारा आवाज आधीच शिळा झालेला असतो. त्याच्यामागे हात गेला की दर आवर्तनाला लय थोडी थोडी खाली बसते आणि शेवटी सगळा कोअर ओढल्यासारखा वाजू लागतो.

पुढच्या रेषेवर, मैदानाच्या मधोमध, जमिनीवर मांडलेली वाद्यं असतात. मरिंबा, व्हायब्राफोन, झायलोफोन ही पट्ट्यांची वाद्यं, टिंपनी, सिंथेसायझर. या भागाला पिट म्हणतात. पिटमधली मुलं एरवी ड्रम मेजरकडे बघतच नाहीत. त्यांची पाठ मैदानाकडे असते आणि कान पूर्ण मागे असतो. मागून बॅटरीचा आवाज येऊन पोचला की त्याच क्षणी त्यांचा ठोका पडतो, आणि मग दोन्ही आवाज एकत्र, एकमेकांच्या सोबतीने तुमच्याकडे येतात. म्हणजे पिट प्रत्यक्षात मुद्दाम उशिरा वाजवत असतं. त्यातल्या एखाद्याने चुकून ड्रम मेजरच्या हाताकडे बघून वाजवलं, तर झायलोफोन स्नेअरच्या आधी ऐकू येतो, आणि ते लगेच कळतं, कारण दोन्ही आवाज टोकदार असतात.

पितळी वाद्यांचा नियमही याच हिशेबाने चालतो. जो बॅटरीच्या पुढे आहे त्याने मागचं ऐकून वाजवायचं. जो साधारण बॅटरीच्याच खोलीवर आहे त्याने हात बघायचा. जो बॅटरीच्याही मागे आहे त्याची खरी कसोटी. त्याला बॅटरी उशिरा ऐकू येते, आणि ती ऐकून वाजवलं तर श्रोत्यापर्यंत दुप्पट उशीर. म्हणून त्याने कानांवर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. जे ऐकू येतंय त्याच्या आधी वाजवायचं, फक्त डोळ्यांच्या भरवशावर. हे सांगायला सोपं आहे, पण हातात वाद्य, पाय मागे मागे चाललेले, समोर गर्दीचा गोंगाट अशा वेळी स्वतःच्या कानाविरुद्ध वाजवणं फार अवघड. त्यामुळे मोठ्या, जोरकस जागा लिहिताना रचनाकार बॅटरीला शक्यतो मैदानाच्या मध्यावर, मागच्या बाजूला आणतात. कोणी कधी कुठे उभं राहायचं याचा नकाशा आणि संगीत वेगवेगळ्या माणसांनी बनवलं तरी या एका मुद्द्यावर त्यांना एकत्र बसावंच लागतं.

ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांना हा त्रास ओळखीचा वाटेल. ताशे आणि टोल पुढे असले आणि ढोलांच्या रांगा मागे तीस मीटर लांबल्या, तर शेवटच्या रांगेला ताशा ०.०९ सेकंद उशिरा ऐकू येतो. ती रांग तो ऐकून वाजवते आणि तो ठोका पुढे उभ्या असलेल्या माणसाकडे यायला पुन्हा ०.०९ सेकंद लागतात. पुढच्यांना वाटतं मागचे ओढतायत, मागच्यांना वाटतं आपण बरोबर आहोत, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात. ताशे मध्यभागी घेऊन ढोल दोन्ही बाजूंना ठेवले की अंतर निम्मं होतं आणि वाजवणं चटकन सुधारतं. कोअरला एक सोय जास्त आहे. त्यांचा श्रोता एकाच बाजूला बसलेला असतो, म्हणून लयीचा उगम मागे ठेवून सगळा आवाज एका दिशेला वाहू देता येतो. मिरवणुकीत दोन्ही बाजूंना माणसं, त्यामुळे तिथे हा तोडगा पूर्ण लागू पडत नाही.

हे डोक्यात ठेवून कार्यक्रमाच्या दिवशी मैदानावर नव्हे, आधी पार्किंगच्या जागेत जायचं. कोअरचे जुने रसिक याला नुसतं लॉट म्हणतात आणि काहींना तर मैदानापेक्षा लॉटच जास्त प्रिय असतो. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक कोअरची वेळ दिलेली असते. तिच्या दीड तास आधी त्या कोअरची बॅटरी जवळपास कुठेतरी, डांबरी जागेवर किंवा गवतावर, कमानीत उभी राहून हात मोकळे करत असते. पितळी विभाग वेगळीकडे, पिट तिसरीकडे. सुमारे वीस-पंचवीस मिनिटं आधी ते सगळे प्रवेशद्वाराकडे निघतात, म्हणून उशिरा पोचलात तर फक्त पाठमोरी रांग दिसेल. एका संध्याकाळी दोन कोअरचा लॉट नीट ऐकता येतो. तिसऱ्याच्या मागे धावलं की मैदानातला एखादा कार्यक्रम हुकतो.

लॉटमध्ये सुरुवात जवळजवळ नेहमी एकाच धड्याने होते: एका हाताने आठ ठोके, मग दुसऱ्या हाताने आठ. साधं आहे म्हणून दुर्लक्ष करू नका, कान तयार करायला याच्यासारखा धडा नाही. आठ-दहा स्नेअरवादक उभे असतात आणि तुम्हाला एकच ढोल ऐकू यायला हवा. एखादी काठी केसभर आधी पडली की मुख्य ठोक्याच्या अंगाला छोटा टिक असा आवाज चिकटतो. पाच मिनिटं हा टिक शोधत ऐकलं की पुढे मैदानावर शंभर मीटरवरूनही तो ओळखता येतो. आता काठ्यांच्या उंचीकडे बघा. इथे आवाजाचा लहान-मोठेपणा जोर लावून ठरत नाही. काठी किती उंचीवरून पडते यावर ठरतो, आणि ती उंची इंचात ठरलेली असते: तीन इंच, सहा, नऊ, बारा. रांगेतला एक जण नऊऐवजी दहा इंचांवरून आला, तर ठोका वेळेवर पडूनही वेगळा उठून दिसतो.

मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र, चालू असेल तर त्याचा कर्णा कुठे ठेवलाय ते जरूर बघा. तो वादकांच्या मागे असतो. सरावाच्या पहिल्या दिवसापासून कानाला ही सवय लावली जाते की लय मागून येते. कधी कधी प्रशिक्षक हातात प्लॅस्टिकचा जॅम ब्लॉक घेऊन तो वाजवत मागेच उभा असतो. वादक आणि त्यांच्यामागचा हा आवाज यांच्या मधून चालत जाऊ नका. वादकांच्या समोर अगदी पुढ्यात उभं राहणं, मुलांना मध्येच हाक मारणं हेही टाळा. प्रशिक्षक साधारणपणे रसिकांना जवळ येऊ देतात. त्यांनी मागे व्हा म्हटलं की व्हायचं.

स्नेअरचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कोरडा, लाकडी वाटतो. १४ इंच व्यासाच्या या ढोलावर केव्हलार धाग्याचं कातडं असतं आणि ते इतकं ताणलेलं असतं की बोटाने दाबून दबत नाही. कारण पुन्हा अंतर. सैल कातड्याचा आवाज लांबतो, पाठोपाठ पडणारे ठोके एकमेकांत मिसळतात आणि शेवटच्या रांगेपर्यंत नुसती घरघर पोचते. ताणलेल्या कातड्याचा ठोका पडतो आणि लगेच मरतो, म्हणून सेकंदाला बारा-पंधरा ठोकेसुद्धा सुटे ऐकू येतात. काठी उसळून परत येते ती वेगाने, हे दुसरं कारण. ढोलांच्या गदारोळातून ताशा कानापर्यंत सुटा येतो, त्याचं कारणही हेच आहे.

टेनरवादक चार-पाचच असतात. प्रत्येकाच्या अंगावर साधारण सहा ढोल: १०, १२, १३ आणि १४ इंचांचे चार, आणि मध्ये छोटे एक-दोन. सगळ्याचं वजन पंधरा किलोच्या घरात जातं. यांच्याकडे बघायचं ते हात एकमेकांवरून ओलांडून जातात तेव्हा. हात ओलांडताना मनगट वळतं, उंची बदलते आणि आवाज पातळ व्हायची भीती असते. चांगल्या तुकडीत डोळे मिटून ऐकलं तर कुठे हात ओलांडला ते कळत नाही.

आमचं सर्वांत आवडतं ऐकणं मात्र बेस ड्रमचं. पाच वादक, पाच आकार, सर्वांत लहान १८ इंचांच्या आसपास आणि सर्वांत मोठा ३२ पर्यंत. एक सलग ओळ पाच जणांत वाटलेली असते. मात्रेचे चार तुकडे असतील तर पहिला तुकडा पहिल्याचा, दुसरा दुसऱ्याचा, असं. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत दोन तुकड्यांमधलं अंतर ०.०९ सेकंद. प्रत्येकाच्या वाट्याला एकच ठोका येतो, त्यामुळे स्वतःच्या हातात लय पकडून ठेवायची सोयच नाही. ती पाचही जणांना मनात चालू ठेवावी लागते. चुकतं ते बहुतेक वेळा असं: आपल्या आधीच्याचा ठोका ऐकून माणूस वाजवायला जातो, तेवढ्यात उशीर झालेला असतो, पुढचा तो उशीर भरून काढायला घाई करतो आणि सरळ उतरणारी ओळ लंगडत उतरते. शिवाय या ढोलांची तोंडं डावी-उजवीकडे असतात, त्यामुळे वादक मैदानाच्या आडव्या दिशेला तोंड करून चालतो आणि त्याला समोर फक्त पुढच्याची पाठ दिसते.

लॉटमध्ये कानात घालायचे फोमचे बोळे न्यायलाच हवेत, मुलांसाठी तर नक्की. चार-पाच मीटरवर उभं राहून स्नेअरची रांग वीस मिनिटं ऐकली तर कान रात्रभर वाजत राहतात. मैदानात बसल्यावर बोळे काढून टाकले तरी चालतं.

तिकिटं काढताना एक चूक फार जण करतात: सर्वांत पुढची रांग. नाटकाला ते ठीक आहे, इथे नाही. पुढे बसलं की पिटचे कर्णे तोंडावर येतात, मागच्या ओळी झाकल्या जातात आणि मैदानावरच्या आकृत्या दिसतच नाहीत. कोअरचं सगळं गणित मधल्या ५० यार्डांच्या रेषेसमोर, वरच्या बाजूला बसलेल्या परीक्षकांसाठी जुळवलेलं असतं. तुम्ही त्यांच्या जितकं जवळ, तितका आवाज जुळलेला. दोन्हीकडच्या ३५ यार्डांच्या रेषांच्या मधली, चढत्या रांगांमधली वरची जागा घ्या. १५ यार्डांच्या रेषेसमोर बसलात तर जवळच्या टोकाचे ट्रम्पेट आधी आणि पलीकडचे नंतर ऐकू येतील. तो दोष वाजवणाऱ्यांचा नाही, तुमच्या जागेचा आहे. मैदानाच्या मागच्या बाजूची तिकिटं काही ठिकाणी स्वस्तात मिळतात. तिथून मुलांचे चेहरे आणि कलर गार्डची धावपळ छान दिसते, पण सगळी पितळी वाद्यं तुमच्याकडे पाठ करून वाजतात. पहिल्या खेपेला नको.

वर बसल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुम्ही स्नेअरपासून ७० मीटरवर असाल, तर काठी पडलेली दिसल्यावर ०.२ सेकंदांनी आवाज येतो. डोळ्यांनी लय पकडायला गेलात तर सगळं चुकल्यासारखं वाटेल. ज्या जागी ताल गुंतागुंतीचा होतो, तिथे सरळ डोळे मिटावेत.

छप्पर असलेली मोठी स्टेडियमं आणि उघडी मैदानं यांत ऐकण्याचा फरक खूप आहे. सॅन अँटोनियोचं अलामोडोम, अटलांटाचं मर्सिडीज-बेंझ स्टेडियम, इंडियानापोलिसचं लुकास ऑइल स्टेडियम ही सगळी अवाढव्य. तिथे समोरच्या रिकाम्या भिंतीवर आपटून परत आलेला आवाज मूळ ठोक्याच्या मागोमाग येतो आणि फार वरच्या मजल्यावर स्नेअर दुहेरी ऐकू येऊ शकतो. अशा ठिकाणी खालच्या मजल्याच्या वरच्या रांगा किंवा मधला मजला बरा. वादकांनाही तिथे पहिल्या दिवशी त्रास होतो: मागून येणारा प्रतिध्वनी हाच बॅटरीचा ठोका समजून पिट फसतं.

उघड्या मैदानावर, म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनसारख्या ठिकाणी, आवाज स्वच्छ येतो. आमची पसंती अशा मैदानांना. तिथे अडचणी वेगळ्या. सूर्य मावळला की हवा थंड होते, पितळी वाद्यांचा स्वर उतरतो आणि मरिंबाचा जवळजवळ जागेवर राहतो. संध्याकाळच्या पहिल्या कोअरला न जाणवणारी ही तफावत नऊ वाजता लांब स्वरांमध्ये कानाला खटकते. चांगला कोअर वाजवायला जाण्याच्या अगदी आधी, त्याच हवेत, सूर पुन्हा लावून घेतो. वीज कडाडली तर कार्यक्रम थांबतो आणि बराच वेळ थांबून राहतो. बसायला ॲल्युमिनियमचे बाक असतात, तेव्हा गादी न्या. मोठ्या स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच आत नेऊ देतात. कोअर वाजवत असताना जागेवर जाऊ देत नाहीत, म्हणून पाणी, खाणं सगळं दोन कोअरच्या मधल्या काही मिनिटांत उरकायचं. टाळ्यांसाठी मात्र शेवटाची वाट बघायची नाही. मोठा स्वरसमूह येऊन आदळला की लोक उठून ओरडतात, आणि तसंच करायचं असतं.

पितळी विभागात ट्रम्पेट, मेलोफोन, बॅरिटोन-युफोनियम आणि खांद्यावर धरायचे कॉन्ट्राबास ट्यूबा मिळून सत्तर-ऐंशी वाद्यं असतात. त्यांची तोंडं पुढे असतात. वाद्यवृंदातल्या फ्रेंच हॉर्नचं तोंड मागे वळलेलं असतं, म्हणून त्याच्या जागी मेलोफोन आला. पूर्वी फक्त जी स्वरातले बिगुल चालत. १९७७ मध्ये दोन व्हॉल्व्ह, १९९० मध्ये तीन व्हॉल्व्ह आणि २००० पासून कुठल्याही स्वरातली वाद्यं चालू लागली. चालताना स्वर हलू नये म्हणून पाऊल टाचेवर टेकून पुढे घरंगळवायचं, कमरेच्या वरचं शरीर स्थिर ठेवायचं, आणि मागे जाताना फक्त चवड्यांवर चालायचं. पाच यार्डांत आठ पावलं हे मूळ माप, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. बॅटरीला तर तोंड प्रेक्षकांकडे ठेवून आडवं सरकताना पाय एकमेकांवरून ओलांडत खेकड्यासारखं चालावं लागतं.

२००४ पासून ध्वनिवर्धक आणि २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यं चालतात. जुन्या रसिकांचा यावर अजून राग आहे. आमचं मत विचाराल तर ध्वनिवर्धकाने मरिंबाचं भलं झालं. पूर्वी ऐकू जावं म्हणून मुलं कडक मोगऱ्यांनी लाकडी पट्ट्या बडवत, आता मऊ मोगऱ्यांनी चार-चार स्वर एकत्र वाजवता येतात. पण सिंथेसायझरचा खोल खर्ज कॉन्ट्राबासखाली सतत भरून ठेवण्याची सवय वाईट आहे. सोळा मुलं पंधरा-पंधरा किलोची वाद्यं खांद्यावर घेऊन जो पाया रचतात, तो त्यात बुडून जातो आणि खरा कोण वाजतोय तेच कळत नाही.

गुणांचं कोष्टक माहीत असलं की निकाल ऐकताना मजा येते. एकूण १०० गुण: एकंदर परिणामाला ४०, दृश्य भागाला ३०, संगीताला ३०. संगीताच्या ३० मध्ये पितळी विभाग, ताल विभाग आणि संगीताचं विश्लेषण असे तीन वाटेकरी. म्हणजे ज्या ताल विभागासाठी तुम्ही दीड तास लॉटमध्ये उभे होता, त्याचा स्वतंत्र वाटा फक्त १० गुणांचा आहे. तरीही तो निर्णायक ठरतो, कारण वरच्या कोअरमधली तफावत अतिशय बारीक असते. २००८ ची अंतिम फेरी फँटम रेजिमेंटने ब्लू डेव्हिल्सपेक्षा ०.०२५ गुणांनी जिंकली होती.

कुठला कार्यक्रम निवडायचा? अंतिम फेरी २००९ पासून इंडियानापोलिसला होत आली आहे. गुरुवारी प्राथमिक, शुक्रवारी उपांत्य, शनिवारी अंतिम, आणि शनिवारी बारा कोअर. पूर्ण तीन दिवस जमत नसतील तर गुरुवार घ्या. जवळजवळ सगळे कोअर एकाच दिवशी ऐकायला मिळतात आणि गर्दी कमी असल्याने चांगली जागाही मिळते. पण नवख्याने आधी जुलैमधला गावातल्या शाळेच्या मैदानावरचा लहान कार्यक्रम ऐकावा. सहा-सात कोअर, जवळचा लॉट, उघडी हवा, आणि नीट ऐकण्याइतकीच गर्दी. क्रम साधारणपणे कमी गुणांच्या कोअरपासून वर चढत जातो. सुरुवातीच्यांना सोडून उशिरा येऊ नका, कारण दोष ओळखायला कान तिथेच शिकतो आणि शेवटच्यांची सफाई त्यामुळेच कळते.

भारतात बसून ऐकणाऱ्यांना इंटरनेटवर पैसे भरून थेट प्रक्षेपण मिळतं. भारतीय वेळेप्रमाणे ते पहाटे सुरू होतं. फोनच्या कर्ण्यावर अजिबात ऐकू नका, बेस ड्रमचे खालचे दोन वादक गायबच होतात. कानावर बसणारे हेडफोन हवेत. वरून, एकाच स्थिर कॅमेऱ्याने घेतलेलं चित्रण मिळालं तर ते घ्या. सारखे जवळचे तुकडे दाखवणाऱ्या चित्रणात बॅटरी मैदानावर कुठे आहे तेच समजत नाही, आणि ती कुठे आहे हे न समजता लय कुठून येतेय ते ऐकता येत नाही. एकच कोअर निवडून त्याचा जूनअखेरचा आणि ऑगस्टमधला असे दोन प्रयोग शेजारी लावून ऐका. मधल्या सहा आठवड्यांत शेवट बदललेला असतो, काही ओळी अवघड केलेल्या असतात, काही काढून टाकलेल्या असतात. पिट आणि बॅटरी एकमेकांपासून फाटत होते त्या जागा वहीत लिहून ठेवा आणि ऑगस्टमध्ये नेमक्या त्याच जागी बॅटरी मैदानावर कुठे उभी केली आहे ते बघा.